कात्रजचं अस्वल आणि आमची वरात

रानजाई | रविवार, रात्री १०:४०

सुट्टीत सोलापूरहून भाची आली की दोन ठिकाणं ठरलेली असतात. एक तुळशीबाग आणि दुसरं, "मामी, प्राणी बघायला कधी जायचं?" यंदा सासूबाईही म्हणाल्या, मी येते. वय ७८, गुडघे कुरकुर करतात, आणि याआधी त्यांनी पिंजऱ्यातला वाघ पाहिला तो पेशवे पार्कात, आमच्या ह्यांच्या मुंजीच्या आधी. हे म्हणाले, "आई, चालणं फार आहे गं." त्यावर उत्तर, "मग मी बसेन. तुम्ही फिरा."

तर असे आम्ही पाचजण: सासूबाई, हे, मी, अकरा वर्षांची भाची आणि पहिलीतला आमचा छोटू. शिवाय दशम्या, चटणी, दोन बाटल्या पाणी, गुडघ्याचा पट्टा आणि एक घडीचा स्टूल. स्टूल न्यायला मी विरोध केला होता. तो माझ्या आयुष्यातल्या मोठ्या चुकांपैकी एक होता (विरोध, स्टूल नव्हे).

आधी उपयोगाचं सांगून टाकते. कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद. बुधवारी. परत लिहिते, कारण दर वर्षी कोणीतरी जातंच. सकाळी साडेनऊला उघडतं, तेव्हाच दारात असावं. मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर असतं, ४ फूट ४ इंचांच्या आत. आमची भाची त्याच्या वर गेलीय आणि "मला मोठ्यांचं तिकीट लागलं" हे तिने दिवसभरात सोलापूरला तीन वेळा फोनवर कळवलं. आत बॅटरीवरच्या गाड्या आहेत, ज्येष्ठांना फारच सोयीच्या. एकूण जागा १३० एकर आणि त्यातला ४२ एकर नुसता तलाव, तेव्हा "चालत होईल की" असं म्हणणाऱ्या काकांकडे दुर्लक्ष करा.

आता गंमत. सगळं पुणं आत शिरल्या शिरल्या वाघाकडे पळतं. आम्हीही पळालो. वाघ होता. म्हणजे शेपटीचं टोक आणि एक कान होता, बाकीचा झुडपामागे झोपला होता. कठड्याला तीन रांगा लागलेल्या. एक गृहस्थ दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारत होते, त्यांची मुलं "ए उठ ना" करत होती. सासूबाई स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "अहो, दुपारी तुम्ही पडलेले असताना कोणी तुमच्या खिडकीत उभं राहून शिट्ट्या मारल्या तर उठून नाचाल का?" गृहस्थ गप्प. वाघाचा कान हलला तेवढा. आमच्या वाट्याला आलेला वाघ एवढाच.

छोटूचं तोंड पडलं. मग मी ठरवलं की बास, आता यादी नाही. जिथे काहीतरी हलतंय तिथे थांबायचं आणि कंटाळा येईपर्यंत निघायचं नाही.

अस्वलाच्या खंदकापाशी आलो तेव्हा लोक येत होते, "अस्वल आहे" म्हणून फोटो काढत होते आणि जात होते. मी घड्याळ लावून पाहिलं, कोणी अर्ध्या मिनिटावर थांबलं नाही. आम्ही स्टूल मांडला. पाच मिनिटं अस्वल नुसतं येरझाऱ्या घालत होतं. मग ते एका ओंडक्याशी थांबलं, पुढच्या पंजाने माती उकरली, ती नखं बघा एकदा, विळ्यांसारखी वाकडी आणि पांढुरकी. खड्ड्यात नाक खुपसलं आणि फूंऽऽ करून अशी फुंकर मारली की धुळीचा लोट उठला. मग क्षणभर काही नाही. आणि मग आतून, अगदी पोटातून आल्यासारखा, आवाज: सुर्रर्रऽऽऽ. छोटू मला चिकटला. परत फूंऽऽ, परत सुर्रर्र. भाची म्हणाली, "आजी, तू चहा बशीतून पितेस तस्सं!" सासूबाई रागावतील असं वाटलं, पण त्या कान देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "आधी फुंकतंय, मग ओढतंय. हुशार आहे."

तिथे आम्ही चाळीस मिनिटं होतो. चाळीस.

सर्पोद्यानात मगर तोंड उघडं टाकून पडली होती. खरी की सिमेंटची यावरून मुलांत पैज. पंधरा मिनिटं पापणीही लवली नाही. मग एक ढोकरी येऊन तिच्यापासून हातभर अंतरावर उतरली आणि मगरीने फक्त डोळा फिरवला. भाची पैज जिंकली, छोटूने आइस्क्रीममधला एक घास देऊन हिशेब मिटवला.

एक गोंधळही झाला. आम्ही मुलांना तोंड धुवायला घेऊन गेलो, परत येतो तर सासूबाई गायब, स्टूल तिथेच. फोन त्यांच्या पिशवीत आणि पिशवी माझ्या खांद्याला. माझे हातपाय गार. वीस मिनिटांनी बॅटरीच्या गाडीत चालकाच्या शेजारी बसून बाईसाहेब हजर. पाय दुखत होते म्हणून गाडीत बसल्या, गाडी फेरी मारून आली. "गवा पाहिला, हरणं पाहिली, सगळं पाहिलं. तुम्ही कुठे होतात?"

वाघ कोणी नीट पाहिला असेल तर कुठल्या वेळेला गेला होतात ते सांगा. बाकीचे अनुभवही लिहा.

---

पर्वतीपायथा | रविवार, रात्री ११:१५

मस्त लिहिलंय. सासूबाईंना आमचा नमस्कार सांगा, बशीतून चहा पिणाऱ्यांची जमात टिकली पाहिजे.

पेशवे पार्कचं नाव काढलंत म्हणून. महापालिकेने ते १९५३ साली सुरू केलं. तिथली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, १९५६ ची. आम्ही पर्वतीच्या पायथ्याला राहायचो, पहाटे सिंहाची डरकाळी घरात ऐकू यायची आणि पाहुणे दचकून उठायचे. आम्ही झोपेतच सांगायचो, "काही नाही, सारसबागेशेजारचा आहे." लहानपणी त्याचा अभिमान होता. आता आठवतं ते ते पिंजरे केवढे लहान होते हेच. सगळं मिळून साताठ एकरांत. जनावर तीन पावलं टाकायचं, वळायचं, तीन पावलं टाकायचं.

कात्रजला आधी १९८६ मध्ये सर्पोद्यान झालं, नीलिमकुमार खैरे यांच्या धडपडीतून. हे तेच, ज्यांनी १९८० मध्ये काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले होते. पुढे १९९९ मध्ये प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि २००५ मध्ये पेशवे पार्कातले प्राणी तिकडे गेले. पिंजऱ्याच्या जागी खंदक आले, हा फरक तुमच्या सासूबाईंना नक्की जाणवला असेल. विचारा त्यांना.

---

तिरसट_७ | रविवार, रात्री ११:३२

वाघ पुणेकर आहे. एक ते चार बंद. त्यात शिट्ट्या काय मारायच्या?

---

खमंग_काकडी | रविवार, रात्री ११:४०

हा विनोद कितव्या प्रतिसादात येतो याची मनातल्या मनात पैज लावली होती. दुसऱ्यातच आला. निराश केलंत तिरसटराव, मला पाचवा वाटला होता.

धागा झकास. दशम्या आत नेऊ दिल्या का? आमच्या बॅगा तपासल्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या काढायला लावल्या.

---

रानजाई | सोमवार, सकाळी ८:०५

@खमंग_काकडी, खाल्ल्या त्या बाहेर येऊन, गाडीत. सासूबाई फडक्यात बांधून आणतात, त्यामुळे पिशवीचा प्रश्न आला नाही.

@पर्वतीपायथा, विचारलं. म्हणाल्या, "तेव्हा वाघ जवळ होता आणि बिचारा वाटायचा. आता लांब आहे आणि दिसत नाही. बरं आहे."

---

वारूळवाला | सोमवार, सकाळी ९:२०

अस्वलाबद्दल थोडी भर. तुम्ही पाहिलंत ते अस्सल जेवण होतं, किंवा निदान जेवणाची सवय. आपल्याकडच्या या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी आणि मुंग्या ओढून घेतं. नाकपुड्या हवं तेव्हा मिटता येतात, म्हणजे माती नाकात जात नाही. फुंकर मारून माती उडवायची आणि मग ओढायचं, हा क्रम तुमच्या सासूबाईंनी बरोब्बर पकडला. रानात हा आवाज बराच लांबून ऐकू येतो. मी मेळघाटात एकदा ऐकलाय, दिसलं काही नाही, पण अंगावर काटा आला होता.

मगर तोंड उघडून बसते ती भीती दाखवायला नव्हे, अंगातली उष्णता कमी करायला. तिला घाम येत नाही.

आणि सर्पोद्यानात जाणाऱ्यांना एक विनंती. नागापाशी गर्दी करता तशी घोणशीपाशी करा. मी आमच्या भागात साप सोडवायला जातो, आणि "अजगराचं पिल्लू आलंय, मुलं हाताळतायत" असा फोन आला की माझी गाडी सिग्नल बघत नाही. बहुतेक वेळा ती घोणस असते. अजगराच्या अंगावर वेड्यावाकड्या आकाराचे ठिगळासारखे डाग असतात. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ओळी, तीन, गोलसर कडीला कडी लावल्यासारख्या. आणि चिडली की कुकरची शिट्टी होण्याआधी जशी वाफ निघते तसा आवाज. दोन्ही साप तिथे काचेआड आहेत. मुलांना समोरासमोर उभं करून फरक शोधायला लावा, घरी येऊन त्यांनी तुम्हाला शिकवलं पाहिजे.

---

सोनचाफा_सांगली | सोमवार, सकाळी १०:०२

धामण गाईच्या पायांना वेटोळं घालून दूध पिते हे आमच्या आजोळी सगळ्यांनी "स्वतः पाहिलंय". वारूळवाले, खरं काय?

---

वारूळवाला | सोमवार, सकाळी १०:३०

पाहणारा प्रत्येक जण दुसऱ्याच्या गोठ्यात पाहतो. सापाला ओठ आणि गाल नसतात, चोखणार कसा? आणि मागे वळलेले दात सडाला लागल्यावर गाय उभी राहील का? धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी. तिला हाकलून तुम्ही उंदरांची सोय करता.

---

मोकळा_श्वास | सोमवार, दुपारी १२:४५

सगळ्यांची मजा घालवायची नाही, पण लिहितोच. मी मुलांना प्राणिसंग्रहालयात नेत नाही. रानजाई, तुम्ही म्हणता अस्वल पाच मिनिटं येरझाऱ्या घालत होतं. ती येरझारीच मला बघवत नाही. खंदक असो की गज, आत तो आहे आणि बाहेर आपण आइस्क्रीम खातोय. त्यापेक्षा मुलांना गवताळ रान दाखवा. पुणे जिल्ह्यातच इंदापूरकडे कडबनवाडी आणि बारामतीकडे शिर्सुफळ, दोन्हीकडे वनविभागाची सफारी आहे. लांडगा, तरस, चिंकारा, खोकड. दिसले तर दिसले. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एक चिंकारा आणि भरपूर धूळ. दुसऱ्यांदा लांडगा. माझी मुलगी अजून त्या लांडग्याबद्दल बोलते.

---

रानजाई | सोमवार, दुपारी १:१०

मजा घालवली नाहीत. त्या येरझाऱ्या मलाही खटकल्या होत्या, म्हणूनच लिहिल्या. पण ७८ वर्षांच्या गुडघ्यांना जीपमधून माळरानावर नेणं जमलं नसतं, आणि छोटूला "दिसलं तर दिसलं" हे वाक्य अजून समजत नाही. कडबनवाडी मात्र यादीत टाकली. त्याचं बुकिंग ऑनलाइन होतं का?

---

मोकळा_श्वास | सोमवार, दुपारी १:३०

हो, ऑनलाइन. पहाटेची फेरी घ्या आणि कपडे मळकट रंगाचे. माझ्या मेव्हण्याने केशरी टीशर्ट घातला होता, चिंकारा बहुधा इंदापूरच्या एसटी स्टँडवरून परत फिरला असेल.

---

ऊसमळा | सोमवार, संध्याकाळी ६:५०

मी जुन्नरकडचा. पुण्यात बसून "पिंजरा वाईट" म्हणणं सोपं आहे, रागावू नका मोकळाराव. आमच्याकडे बिबट्या उसात पिल्लं घालतो. ऊसतोड सुरू झाली की पिल्लं सापडतात. आई जवळपास असेल तर वनविभागाची माणसं पिल्लं रात्री त्याच जागी टोपलीत ठेवतात, बहुतेकदा ती येऊन उचलून नेते. मी स्वतः लांबून पाहिलंय, तोंडात मानगूट धरून एकेक नेलं. नाही आली, किंवा जनावर जायबंदी असलं, तर त्याला कुठे सोडणार? आमच्या माणिकडोहला त्यासाठीच बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. तिथली जनावरं रानात परत जाऊ शकत नाहीत, त्यांना पिंजऱ्याशिवाय दुसरं घर नाही.

आमच्या शेतावर पाण्याची पाळी रात्रीची. मोटर चालू करायला जाताना मोबाइलवर मोठ्याने भजन लावून जातो. बिबट्याला भजन आवडत नसावं, अजून तरी समोर आला नाही.

---

मोकळा_श्वास | सोमवार, संध्याकाळी ७:२०

@ऊसमळा, सोडता न येणाऱ्या जनावराबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण मुद्दाम पैदास करून ठेवण्याशी आहे. पांढरा वाघच घ्या. लोकांना वाटतं ती वेगळी जात आहे. आपलाच पट्टेरी वाघ, रंगाचं एक दडलेलं जनुक आईबापांकडून दोन्हीकडून आलं की पांढरा. रीवाच्या महाराजांनी १९५१ मध्ये जंगलातून मोहन नावाचा बछडा धरला आणि जगभर आज दिसणाऱ्या बहुतेक पांढऱ्या वाघांचा मूळपुरुष तोच. रंग टिकवायचा म्हणून नात्यातच जोड्या लावल्या. कितीतरी पांढरे वाघ तिरळे असतात, ते त्याच जनुकाशी जोडलेलं आहे.

---

ऊसमळा | सोमवार, संध्याकाळी ७:३५

हे मान्य. बैलांची पैदास करणारा कोणीही तुम्हाला हेच सांगेल, सारखं घरातलंच वळू लावू नये.

---

तिरसट_७ | सोमवार, संध्याकाळी ७:४०

दोघांचं पटलं? मराठी संस्थळावर? स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

नवा_पुणेकर | मंगळवार, सकाळी ११:००

छान माहिती. पूर्ण वाचलं नाही, पण आम्ही पिंपरीहून येणार आहोत, गाडी न आणता येता येईल का? आणि उद्या सुट्टी आहे तर उद्या जावं का?

---

खमंग_काकडी | मंगळवार, सकाळी ११:०४

आज मंगळवार. उद्या कोणता वार? आता धागा पहिल्यापासून वाचा.

(हलके घ्या. पिंपरीहून मेट्रोने या, गाडी न बदलता थेट स्वारगेट. तिथून कात्रजच्या बस सतत असतात. सुट्टीच्या दिवशी सातारा रस्त्यावर गाडी घालण्यापेक्षा कधीही बरं.)

---

पर्वतीपायथा | मंगळवार, दुपारी ४:१५

अवांतर, पण राहवत नाही. सगळे प्राणी पाहून येतात आणि तलावाकडे पाठ करून फोटो काढतात. कात्रजचं पाणी म्हणजे पेशवाईतली पाणीपुरवठा योजना. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास तिथे बंधारे घातले आणि जमिनीखालून नळ बांधून पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांत आणलं. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. मध्ये मध्ये हवा खेळायला आणि गाळ काढायला उच्छ्वास ठेवलेले. माझ्या आजीच्या पिढीपर्यंत पेठेतले लोक "कात्रजचं पाणी" आणि "नळाचं पाणी" असा फरक चवीवरून करायचे. मुलांना वाघ नाही दिसला तर निदान तो तलाव दाखवून सांगा की याचं पाणी बाजीरावाच्या नातवंडांनी प्यायलंय.

---

सोनचाफा_सांगली | मंगळवार, दुपारी ४:४०

बाजीरावाचा मुलगा नानासाहेब, म्हणजे नातवंडं बरोबर. तपासून पाहिलं, चूक सापडली नाही, वाईट वाटलं.

---

दोन_पिल्लांची_आई | मंगळवार, रात्री ९:३०

रानजाई, वाघाबद्दल विचारलं होतंत. आम्हाला दोनदा छान दिसला, दोन्ही वेळा उघडल्या उघडल्या थेट तिकडे गेलो होतो आणि दिवस साधा होता, शनिवार-रविवार नव्हता. एकदा पाण्यात बसला होता, मागच्या पायांनी उलटा उलटा उतरला, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून असेल. मोठी मांजर दिवसातले पंधरा-सोळा तास झोपते किंवा पडून असते, तेव्हा दुपारी बारा वाजता शेपटीचं टोक दिसलं हीसुद्धा मिळकत समजा.

आणि मुलाला हरणाची शिंगं दाखवायची राहिली असतील तर पुढच्या वेळी चितळ आणि काळवीट लागोपाठ दाखवा. चितळाच्या नराची शिंगं दर वर्षी गळून नवी येतात, काळवीटाची पिळाची शिंगं आयुष्यभर तीच. माझ्या धाकट्याने त्यावर विचारलं होतं, "म्हणजे दुधाचे दात आणि खरे दात?" मी हो म्हणून सुटले.

---

नवा_पुणेकर | बुधवार, दुपारी १२:१०

बंद आहे.

---

खमंग_काकडी | बुधवार, दुपारी १२:१२

अहो!!!

---

तिरसट_७ | बुधवार, दुपारी १२:२०

आता तिथवर गेलाच आहात तर कात्रज डेअरीचं मसाला दूध पिऊन परत फिरा. तेवढ्यासाठीही लोक येतात.

---

रानजाई | बुधवार, रात्री ९:५०

@नवा_पुणेकर, वाईट वाटलं हो. मसाला दूध तरी घेतलंत ना?

@वारूळवाला, तुमचा प्रतिसाद मुलांना वाचून दाखवला. त्याचा परिणाम असा की आज जेवताना छोटूने ताटातल्या वरणभातात नाक खुपसून सुर्रर्र केलं. भात नाकात, खोकला, पाणी, सगळा तमाशा. मी ओरडणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "उलटं केलंस. आधी फुंकायचं."